आईच्या साडीचा रंग

छपाईआधी मी संगणकावर कागदाचं कलर प्रोफाइल निवडते, तेव्हा पडद्यावरचा फोटो क्षणात फिका पडतो. तो कागद आणि ती शाई मिळून जेवढा रंग देऊ शकतात, तेवढाच मग उरतो. रोज कुणाच्या तरी देखत हे फिकं पडणं दाखवायचं, याचाच आताशा फार थकवा येतो.

परवा दुपारी दोन बहिणी आईचा फोटो घेऊन माझ्या दुकानात आल्या. वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायचा होता. फोटो एकच, पण दोघींच्या मोबाइलवर साडीचा रंग वेगवेगळा दिसत होता.

"मोरपंखी होती," थोरली म्हणाली.

"काहीतरीच काय ताई, निळी होती!"

प्रत्येक पडदा आपल्या परीने रंग दाखवतो, हे मी हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "साडी आहे का घरी? ताडून बघता येईल."

"नाही," धाकटी हळूच म्हणाली. "शेवटी तीच नेसवली होती आईला."

मी नमुन्याला एक छोटी प्रत काढली. साडी धड मोरपंखी नव्हती, धड निळीही नव्हती. आता दोघी नाराज होणार, म्हणून रंग बदलून बघायला मी पुन्हा संगणकाकडे वळले.

पण थोरली प्रतीतल्या आईच्या चेहऱ्याकडेच बघत होती. "किती दमलेली दिसतेय गं," ती म्हणाली. "मोबाइलवर हे कधी जाणवलंच नाही."

"दमलेलीच असायची ती, ताई."

मग थोरलीने फोटो माझ्यापुढे ठेवला.

"हाच मोठा करून द्या. रंग आहे तसाच राहू दे."