कोपरा उडालेली काच

लग्न होऊन गेवराईला आले तेव्हा मला दोनच गोष्टी नीट येत होत्या: घासणं आणि न विचारणं. पहिलीचा मला गर्व होता. दुसरीलाही मी हुशारीच म्हणायची.

मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, फोटोचं दुकान होतं. लाकडी कॅमेरा, काळं फडकं आणि काचेच्या प्लेटा. तयार प्लेटा मिळेनाशा झाल्या, तेव्हा हैदराबादेत उस्तादाकडं शिकलेलं काम त्यांनी पुन्हा काढलं. खिडक्या बुजवलेल्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात ते जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार कालवत. मग ते काचेवर ओतून काच अशी फिरवत, की दुधावर साय धरावी तसा थर चारी कोपऱ्यांत सारखा बसे. नवी काच कुठून आणणार? फोटो छापून झाला की जुनी प्लेट सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची, थर खरवडायचा, राखेनं घासायची. ते माझं काम. नीट घासली नाही तर जुन्या माणसाची सावली नव्या फोटोत उतरे. माझ्या काचेवर कुणाची सावली कधी राहिली नाही. माशी घसरेल अशी घासते, हे मीच गल्लीभर सांगत फिरायची.

बहात्तरचा दुष्काळ. पाणी टँकरचं. छापलेले फोटो धुवायला ते पुरेना, म्हणून छापायच्या राहिलेल्या प्लेटा मामंजी फळीवर ठेवत. छापून झालेल्या खाली टोपल्यात.

त्यातच सोसायटीच्या नव्या संचालकांचे फोटो काढायचे ठरले. मामंजी म्हणाले, “सूनबाई, दहा काचा घासून ठेव.” टोपल्यात निघाल्या नऊ. विचारलं असतं तर जीभ झडली नसती. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं! फळीवर एक कोपरा उडालेली काच होती. फुटकी, म्हणजे तिच्यावरचा फोटो टाकाऊच असणार, असं मी ठरवलं आणि घासली. बाकीच्या नऊंपेक्षा जास्त घासली.

त्याच काचेवर चेअरमनसाहेब फेटा सावरून उमटले.

चार दिवसांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी, आमच्या मागच्या वस्तीतली बाई दुकानात आली. महिन्याखाली लेकीला नवा परकर नेसवून तिनं फोटो काढून घेतला होता. त्यानंतर ती लेक गोवरानं गेली. बाईच्या डोक्यावर भरलेली घागर होती.

“दादा, आता छापा,” ती म्हणाली. “धुवायचं पानी मी आणलंय.”

मामंजींनी फळी पाहिली. मग दाराआड उभ्या माझ्याकडं पाहिलं.

“बाई, माझ्या हातून फुटली ती काच.”

त्यांच्या हातून उभ्या जन्मात एक काच फुटली नव्हती. मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण ती घागर तिनं अजून खाली ठेवली नव्हती.

“फुटली न्हाई,” मी म्हणाले. “मी पुसली. न विचारता. आता तिच्यावर चेअरमनसाहेब हायत.”

तिनं घागर उतरवली.

“काईच ऱ्हायलं न्हाई, वैनी? कडंला, कोपऱ्याला?”

“काईच न्हाई.”

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मला आळशी म्हणायच्या. त्या दिवशी वाटलं, त्यांचं खरं असतं तर त्या पोरीची निदान सावली राहिली असती.

ती बाई म्हणाली, “मंग ती काच तरी द्या. लेक तिच्यावरच हुबी हुती.”

मामंजींनी चेअरमनची प्लेट काढून माझ्या हातात दिली. फोटो अजून छापला नव्हता. तिच्याच घागरीतल्या पाण्यानं मी ती धुतली. एरवी माझी बोटं चपळ, त्या दिवशी मला तासभर लागला.

चेअरमनसाहेबांना पुन्हा बसावं लागलं. “पहिल्याला काय झालं हो?”

“मिशी हलली,” मामंजी म्हणाले.

तिच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी ती काच वर्षानुवर्षं उभी होती. कोरी. मी जायची-यायची, चहा प्यायची. एकदा काचेवर धूळ दिसली आणि सवयीनं माझा पदर पुढं गेला.

तिनं मनगट धरलं.

“वैनी, तुमी नगा पुसू.”