हिरव्या रंगातली बोटं

अलिबागेत आमच्या शेजारी शालोमकाका आणि रिबेकाकाकू राहतात. ज्यू घराच्या चौकटीवर एक छोटी नळी असते. तिच्यात तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली असतात, तिला मेझुझा म्हणतात. येताजाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. काल रंगकामासाठी काकूंनी ती काढून ठेवली होती. काका बाहेर पडले, सवयीने हात ओल्या चौकटीवर गेला, मग ओठांवर, आणि मिशीला हिरवा रंग लागला.

काकू खोबरेल तेलाचा बोळा घेऊन आल्या. मिशी पुसता पुसता म्हणाल्या, "देव मानत नाही म्हणता, मग हात कशाला जातो?"

"देवाचं मला माहीत नाही. पाळायचं ते पाळतो. शब्बाथ मोडून शनिवारी कधी चूल पेटवली का मी?"

"नुसतं पाळून माणूस तरतो होय?" काकूंचा आवाज जरा ओला झाला. त्यांना मेल्यावर पलीकडेही हे गृहस्थ सोबत हवे आहेत.

मी आमच्या पायरीवर बसून ऐकत होतो. विश्वास मनात असतो म्हणतात. काकांचा कदाचित बोटांत उतरला असेल आणि डोक्याला त्याची खबर नसेल.

थोड्या वेळाने रंगारी दुसरा हात द्यायला आला. ओल्या रंगात काकांच्या बोटांचे ठसे उमटले होते. काकूंनी त्याचा ब्रश अडवला.

"तेवढं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मेझुझा त्याच्यावरच ठोकायची आहे."