तारेच्या टोकाचं टोपण

संक्रांतीच्या आधीचा सोमवार, १९९४. हजर: मॅनेजर साहेब, हिशेबनीस, टायपिस्ट बाई, स्टोअरमधली मी, आणि टेबलाखाली उताणा पडलेला तो. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"आधी दोघांचं बोलणं जमवू, मग सगळ्यांचं," तो खालून म्हणाला.

चितेगावच्या आमच्या कारखान्यात पाच जुने कॉम्प्युटर होते. ते एका तारेनं जोडून त्यांवर नेटवर्कचं सॉफ्टवेअर चढवायचं काम त्याचं. तो सहा महिन्यांच्या बोलीवर होता. हे जमलं की कायम. मशीन अडलं तर तो चिडायचा नाही. "लई म्हातारं झालंय बिचारं," म्हणून पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरू करायचा. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. काम चालू असतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

शेवटचा कॉम्प्युटर माझा. तारेच्या टोकाला त्यानं बोटाच्या पेराएवढं टोपण बसवलं.

"ताई, हे काढू नका. हे निघालं की पाचही मुके."

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदललं. नामांतराच्या लढ्यात त्याचा मोठा भाऊ तुरुंगात जाऊन आलेला. त्यानं रजा घेतली. आम्ही बायकांनी ऑफिसातच हळदीकुंकू ठेवलं. टेबल सरकवताना तार ताणली, म्हणून घटकाभरासाठी मी टोपण काढलं आणि वाणाच्या ताटात ठेवलं.

दुपारी पाचही मशीनं बंद. साहेब म्हणाले, "गेला गुलाल उधळायला, अन् जाताना आमची वाट लावून गेला." सगळे हसले. मीही हसले. मग ताटाकडे लक्ष गेलं.

सगळे चहाला गेल्यावर मी टोपण बसवलं. मशीनं चालू झाली. त्यानं मुद्दामच काहीतरी केलं होतं, असं साहेबांनी ठरवलं. माझंही कायम होण्याचं पत्र यायचं होतं. मी वाणाचं ताट आवरायला घेतलं.

सोमवारी तो पेढे घेऊन आला. साहेबांनी पुडा परत सरकवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो माझ्या टेबलाशी आला.

"ताई, तारेला कुणी हात लावला व्हता का?"

"नाही."

"मग माझंच चुकलं असंल," असं म्हणून त्यानं माझ्यापुढं पेढा ठेवला. मी तो खाल्ला.

पुढं कळलं, त्यानं बिडकीनला दुरुस्तीचं दुकान टाकलंय. कामं लिहून ठेवायची आणि झाली की खोडायची, ही माझी जुनी सवय. दरवर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर एक ओळ उतरवते: बिडकीनला जाऊन त्याला खरं सांगणे. यंदाही ती खोडलेली नाही.