काचेतला रस्ता

"लांब बघ गं," असं म्हणताना अक्का उजव्या हाताचं बोट स्वतःच्या नाकासमोर धरत आणि मग ते सावकाश पुढे नेत, समोरच्या भिंतीला भोक पाडायचं असल्यासारखं.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते बोट मला दिसलं. टाइपरायटरच्या अक्षरांकडे डोळे फाडून बघत मी एकेक कळ आपटत होते. टायपिंग सेक्शनच्या प्रमुख असलेल्या अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बोटांकडं काय बघतीस? ती काय पळून जातात? कागदावरच्या पुढच्या ओळीकडं बघ. जवळचं आपणच सरी होतंय."

'सरी' म्हणजे ठीक, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी लग्न होऊन नुकतीच सांगलीहून बेंगळुरात आले होते, आणि यांच्याच कारखान्याच्या ऑफिसात मलाही काम मिळालं होतं. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. त्यानंतर त्यांच्या मराठीची आणि आमच्या मराठीची गाठभेट झाली नव्हती. मी हसले की त्या म्हणत, "आमचं मराठी जुनं आहे. बिघडलंय ते तुमचं." हे त्या इतक्या ठामपणे सांगत की घरी जाऊन मी दोन-तीन शब्द यांना विचारून घेतले होते.

पन्नाशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या, काठापदराची सुती साडी घट्ट खोचणाऱ्या अक्का. पेठेतलं जुनं घर सोडून भावाच्या कुटुंबाबरोबर जयनगरच्या नव्या वस्तीत राहायला गेलेल्या. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. आपल्याला वाटतं, या घरी जाऊन वाती वळत असतील.

पण अक्कांना काही गोष्टी अशा येत की त्या कुठून आल्या हे कळत नसे. आमच्या ऑफिससमोर बस कधीच खांबापाशी थांबत नसे. सगळे खांबापाशी उभे राहत आणि बस आली की तिच्यामागे धावत. अक्का बरंच पुढे, चिंचेच्या झाडाखाली एकट्या उभ्या राहत. बस बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबे. विचारलं तर म्हणत, "बदक असतंय तिथं नेम धरायचा नाही. येणार तिथं धरायचा."

बाजारातही तेच. फळवाल्याने रचलेल्या ढिगाच्या टोकावरचं झळझळीत सफरचंद मी उचलायला गेले की त्या माझा हात धरत. "ते उचलायला ठेवलेलं नाही, बघायला ठेवलंय. स्वल्प खालचं घे."

बदक कुठलं, हे मला एका शनिवारी कळलं. अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर अक्का म्हणाल्या, "चल, दंडूला जाऊन येऊ." दंडू म्हणजे कॅन्टोन्मेंट. तिथल्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन माणसाने लांबट खोलीत खेळाची यंत्रं मांडली होती. लढाई संपल्यावर गोरे सैनिक गेले, त्यांच्या करमणुकीची यंत्रं राहिली. ती याने घेतली. एकात पत्र्याची बदकं सरकत आणि त्यांच्यावर नेम धरायचा. एकात लोखंडी चिमट्याने बक्षीस उचलायचं. सगळ्यात चकचकीत बक्षीस चिमट्याच्या हाती कधीच लागत नसे.

आणि कोपऱ्यात अक्कांचं यंत्र. काचेच्या पेटीत रुळांवर चढवलेला कापडी पट्टा. पट्ट्यावर रंगवलेला रस्ता. वळणं, पूल, झाडं, मध्येच एक गाय. रस्त्यावर पत्र्याची इवलीशी मोटार, पेटीबाहेर मोटारीला असतं तसं चाक. आणा टाकला की पट्टा फिरू लागे आणि रस्ता अंगावर येई. मोटार रस्त्याबाहेर गेली की घंटी वाजे.

खोलीत आम्ही दोघी सोडून एकही बाई नव्हती. अक्कांनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. रस्ता संपेपर्यंत घंटी वाजली नाही. मग त्यांनी मला उभं केलं. माझी घंटी थांबेचना.

"मोटारीकडं बघतीस म्हणून," त्या म्हणाल्या. "वर, रस्ता जिथनं येतोय तिथं बघ. मीपण पहिला महिनाभर नुसती गायीवर चढत होते."

ही गोष्ट ऑफिसात पसरायला वेळ लागला नाही. साहेबांनी अक्कांना बोलावून घेतलं. मी बाहेर टाइप करायचं सोडून कान देऊन बसले होते.

"त्या जागी जुगार चालतो असं ऐकतो. आपल्या ऑफिसच्या बाईंनी तिथं जाणं शोभतं का?"

"जुगारात पैसे परत यायची आशा असते, सर. इथं तीही नाही," अक्का म्हणाल्या. "मी गाडी चालवायला जाते."

"पण ती खोटी गाडी!"

"खरी तुम्ही देणार असलात तर तिथं जायचं सोडते."

साहेब हसले असावेत, कारण त्यानंतर तो विषय निघाला नाही.

त्या वर्षी ऑफिसची सहल नंदीच्या डोंगरावर गेली. बाकीची मंडळी बसने आली. स्वयंपाकाची भांडी, अक्का आणि आम्ही दोघं एका भाड्याच्या व्हॅनमधून. आम्हाला वर सोडून बस खाली गेली, ती संध्याकाळी परत येणार होती.

दुपारी कुणीतरी कड्याच्या आडोशाला चहासाठी चूल पेटवली. धूर वर गेला आणि कपारीतलं आग्यामोहोळ उठलं.

सगळे पळाले. हे चुलीजवळ होते, त्यांना पळायला वेळच मिळाला नाही. व्हॅनचा ड्रायव्हर घोंगडं घेऊन उलटा धावत आला आणि यांच्यावर ते टाकून त्यांना ओढत घेऊन गेला. माश्या त्याच्या तोंडावर बसल्या. थोड्याच वेळात त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. आणि यांचं सगळं अंग लाल झालं, ओठ सुजले, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

खाली चिक्कबळ्ळापूरला दवाखाना होता. वरच्या बंगल्यातला टेलिफोन बंद होता. गाडी चालवता येणारा दुसरा माणूस नव्हता. मी यांचा हात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते आणि प्रत्येकजण नजर खाली घालत होता.

अक्का ड्रायव्हरपाशी गेल्या आणि कन्नडमध्ये बोलल्या. "अण्णा, पाय चालतात ना?"

"पाय चालतात, अक्का. दिसत नाही."

"मला दिसतंय. ब्रेक तुमचा, चाक माझं."

कुणीतरी म्हणालं, "अहो अक्का, भलतंच काय! घाट आहे."

"मग त्यांना इथंच ठेवायचं का?" अक्कांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं.

ड्रायव्हरने चाचपडत व्हॅनचं दार शोधलं. मग म्हणाला, "दुसऱ्या गिअरात टाकतो. खाली पोचेपर्यंत बदलायचा नाही."

यांचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. ड्रायव्हर आपल्या जागी, डोळ्यांवर ओलं फडकं बांधून. अक्का त्याला खेटून, अंग तिरकं करून, दोन्ही हात चाकावर. गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर चाक हवं तितकं वळलं नाही. पुढचं चाक रस्ता सोडून मातीत गेलं, दगड घरंगळत खाली गेल्याचा आवाज आला. "ब्रेक!" अक्का ओरडल्या. गाडी थांबली. माझ्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, फक्त झाडांचे शेंडे दिसत होते.

"हे चाक जड आहे," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, शिकल्यासारखा सूर होता.

"अक्का, जमेल ना?" मी विचारलं.

"जमेल. अजून आधी वळवायला पाहिजे."

ड्रायव्हरने गाडी अंदाजाने मागे घेतली. नंतर अक्कांनी एकही वळण चुकवलं नाही. त्यांचा अंबाडा मला आजही दिसतो. तो जराही हलत नव्हता. वळण दुरून येताना दिसलं की त्यांचे खांदे वळू लागत आणि चाक मागाहून फिरे. तोंडाने सारखं चालू होतं, "निधान अण्णा, निधान. सावकाश. बैलगाडी आहे. आता सोडा. स्वल्प दाबा." ड्रायव्हरला तो रस्ता पाठ होता. तोही सांगू लागला, "आता मोठं वळण, अक्का. उजव्या हाताला दगडी कठडा असेल."

"आहे, आहे. दिसला."

दोघं जात्यावर बसल्यासारखे बोलत होते. एक म्हणे, दुसरा पुढे नेई. यांचा श्वास मोजत बसलेली मी त्या बोलण्याला धरून राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने घशातली शिट्टी मंद झाली, आणि यांनी डोळे उघडून मला विचारलं, "चहा झाला का?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

डॉक्टर बाहेर आले. "घाटातून गाडी कोणी आणली?" त्यांनी विचारलं. अक्कांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरनेही अक्कांकडे दाखवलं, पण त्याला दिसत नसल्याने ते बोट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं.

मी अक्कांसाठी कॉफी घेऊन आले. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पेला घ्यायला हात पुढे केले, पण बोटं अजून चाक धरल्यासारखी आवळलेली होती, पेला धरता येईना. अक्का स्वतःच्या हातांकडे आश्चर्याने बघत राहिल्या. मग मी पेला धरला आणि त्यांनी लहान मुलीसारखी घोट घोट कॉफी प्यायली.

डोळे बरे झाल्यावर ड्रायव्हर ऑफिसात आला. "कुठल्या गाडीवर शिकलात, अक्का?" अक्का त्याला शनिवारी दंडूला घेऊन गेल्या. मीही गेले. आयुष्यभर घाट चालवलेल्या त्या माणसाने चाक खऱ्या गाडीचं असावं तसं जोर लावून फिरवलं, आणि घंटी अशी वाजली की मालक धावत आला. ड्रायव्हर पोट धरून हसला. "ह्या गाडीला वजनच नाही, अक्का! हिच्यावर शिकून तुम्ही माझी गाडी उतरवलीत?"

"तुमच्या पायांवर उतरवली," अक्का म्हणाल्या.

त्यानेच पुढे रविवारी रविवारी त्यांना खरी गाडी शिकवली. लायसन्सच्या परीक्षेत अक्का पहिल्या वेळी नापास झाल्या. क्लच सोडताना गाडी बंद पडे. काचेच्या पेटीत क्लच नव्हता. दुसऱ्या वेळी पास झाल्या. गाडी काही त्यांनी घेतली नाही. पण ऑफिसच्या कामाला त्याची व्हॅन भाड्याने घेतली की त्या ड्रायव्हरशेजारी बसत, आणि परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा जागा बदललेल्या असत. साहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

निवृत्तीनंतर त्या तंजावरला भाचीकडे राहायला गेल्या. कधीतरी येते म्हणाल्या होत्या. आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या भावाने आम्हाला घरी येऊन सांगितलं, झोपेत गेल्या म्हणून. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

त्या तंजावरला निघाल्या तेव्हा त्यांना निरोप द्यायला आम्ही दोघं सिटी स्टेशनवर गेलो होतो. सामान डब्यात लावून झालं, आणि अक्का म्हणाल्या, "इंजिन स्वल्प बघून येते." आम्ही अडवेपर्यंत निघाल्यासुद्धा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, वाफेत, त्या इंजिनच्या ड्रायव्हरशी हातवारे करून काहीतरी बोलताना दिसत होत्या. तोही खाली वाकून समजावत होता. गार्डाची शिट्टी झाली. अक्का पदर सावरत धावत सुटल्या आणि समोर आला त्या डब्यात चढल्या.

गाडी हलली. कुठल्या डब्यात चढल्या ते आम्हाला दिसलं नाही. मग हे एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, जाणाऱ्या प्रत्येक खिडकीला हात करत राहिलो. अनोळखी माणसांनी उलट हात केले.