गप्प झालेली जीप

आमच्या जीपला आवाज लागला तेव्हा मी आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जुन्या गाडीचं प्रत्येक दुखणं मनावर घ्यायचं म्हटलं तर माणसाने घराबाहेर पडूच नये. पण हा आवाज दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून, पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंकाळी निघायची. इंजिन तापलं की थांबायची आणि चढाला लागलं की पुन्हा सुरू व्हायची.

बेडसे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची चार घरांची वस्ती. वर येणाऱ्या वाटेला रस्ता म्हणायचं ते केवळ तिचा मान राखायला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. रिक्षावाले खालच्या फाट्यावरच हात जोडतात. म्हणून नवऱ्याने लोणावळ्याच्या एका माणसाकडून ही जीप घेतली. तिचं तरुणपण पर्यटकांना दगडधोंड्यांतून हिंडवण्यात गेलं होतं. उरलेलं आयुष्य आमच्या वाट्याला आलं. नवरा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे स्टिअरिंग माझ्याकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सोमाटण्याजवळच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं, हे तिचं मुख्य काम. एकही वारी चुकवू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. चुकलं तर काय होतं तेही सांगितलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

मी तशी भित्री नाही. घरात साप निघाला तर काठी मीच शोधते. पण त्या किंकाळीने माझी झोप उडवली. चढावर गाडी बंद पडली आणि ब्रेक धरला नाही तर, शेजारी आबा, सुई काढलेल्या हाताला पट्टी, अंगात त्राण नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलायचं नाही.

एका शुक्रवारी परत येताना चढावर गाडी अशी किंचाळली की मी वस्तीवर पोचल्या पोचल्या कामशेतच्या मेकॅनिकला फोन लावला आणि फोन बॉनेटजवळ धरला. तो म्हणाला, "ताई, फॅनचा आवाज आहे. एकतर बेल्ट, नाहीतर वॉटर पंपाचं बेरिंग. बेरिंग असलं तर चालवू नका. फॅन सुटून रेडिएटरमध्ये घुसतो." नेमकं काय ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तो लग्नाला बाहेरगावी. मंगळवारच्या आत येणार नाही म्हणाला.

मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसलेल्या आबांच्या देखत तोंडाचा पट्टा सोडला. ही गाडी एक दिवस आपल्याला घेऊनच दरीत जाणार, ह्यांना फोन करून सांगते, विकून टाका ही ब्याद, असं बरंच काही. आबांनी चहाची बशी तेवढी खाली ठेवली.

मंगळवारी सकाळी मी जीव मुठीत धरून चावी फिरवली. जीप गप्प. पुन्हा बंद करून पुन्हा सुरू केली. हूं की चूं नाही. मला इतका आनंद झाला की मी आबांना म्हटलं, "तुमचा देव पावला बघा." आबा बाहेर बघत म्हणाले, "व्हय, पावला आसंल." उतारावर काही झालं नाही, हायवेवर वारा लागत होता, तिथेही काही झालं नाही. आपोआप बरं झालेलं दुखणं तपासायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दुपारी परत निघालो. डायलिसिस झाल्यावर आबांचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखा होतो. डोळे मिटून बसले होते. चढ सुरू झाला, मी पहिला गिअर टाकला आणि सवयीने आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. जळक्या रबराचा वास मात्र आला. मी खाली बघितलं तर टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला.

तिथे थांबावं तर चढ, पुढे जावं तर इंजिन जाम होणार. जरा रुंद जागा दिसली तिथे गाडी कातळाच्या अंगाला घातली, हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकांना दगड लावले. दगड लावताना लक्षात आलं की माझे दात वाजत होते. उन्हात. आबांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, बसून राहा."

इंजिन चालूच होतं. पदर कमरेला घट्ट खोचून मी बॉनेट उघडलं. फॅन फिरत होता, पण कसा, तर उन्हाळ्यात कमी व्होल्टेजवर घरातला पंखा फिरतो तसा, पाती मोजता येतील इतका. लांबूनच ॲक्सिलरेटरची तार ओढली. इंजिन गरजलं, फॅन मात्र आपल्या चालीने. म्हणजे बेल्ट नुसता घसरत होता. फॅनही फिरवत नव्हता, पंपही. मी गाडी बंद केली आणि इंजिन निवेपर्यंत आबांच्या बाजूच्या दाराला टेकून उभी राहिले. समोर खाली पवना धरणाचं पाणी चमकत होतं. मला ते बघवेना.

निवल्यावर फॅन हाताने धरून पुढे-मागे हलवून बघितला. जराही खुळखुळला नाही. फिरवला तर गप्प फिरला. बेरिंग ठणठणीत होतं. मग बेल्टला हात लावला आणि बोटं बुळबुळीत झाली. हुंगून बघितली. एरंडेल.

आमच्या घरात एरंडेलाची बाटली एकच, गोठ्यातल्या कोनाड्यात. बैलगाडी कधीच गेली, बाटली राहिली. चाक कुरकुरलं की आबा आसाला एरंडेल घालायचे. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

मी त्यांच्या दाराशी गेले आणि तेलकट हात पुढे धरला. "आबा, हे तुम्ही घातलं?"

त्यांनी हाताकडे बघितलं. "रविवारी. तू वड्यावर गेलतीस तवा. आवाज बंद झाला ना पन?"

"गाडी दरीत गेली असती आपली. असं कशाला केलंत?"

आबा पट्टी लावलेला हात दाबत बसले. मग म्हणाले, "लय भितेस तू त्या आवाजाला. सुरू झाला की पदर तोंडाला लावल्यावानी करतीस. मला दिसतं की. म्हनलं, वरडायची थांबली तर भ्या जाईल, आन गाडी इकायची न्हाई." आणि पुढे म्हणाले, "आन इकली तरी चालंल पोरी. मी न्हाई गेलो दवाखान्यात तरी चालंल मला. आता लय झालं."

तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि रडत रडत बेल्ट पुसता येत नाही. त्यांचा टॉवेल घेतला, कोरडी माती लावून लावून बेल्ट आणि पुल्या पुसल्या. पाना मागे होता. बेल्ट ज्याच्यावरून जातो त्या डायनमोचा बोल्ट सैल केला, जॅकच्या दांड्याने रेटून बेल्ट ताणला, कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. चावी फिरवल्यावर जीप पुन्हा पहिल्यासारखी किंचाळली. जुना, झिजून गुळगुळीत झालेला बेल्ट, एवढंच तिचं दुखणं. काटा खाली आला. वस्तीपर्यंत ती तशीच किंचाळत आली, आणि दर किंकाळीला आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

बुधवारी कामशेतला जाऊन नवा बेल्ट बसवला. शुक्रवारी सकाळी जीप काढली, इंजिन एका लयीत चाललं होतं. आबा ओट्यावर बसलेले, धोतर घरातलंच, पाय अनवाणी. म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे का?"

मी त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. त्यांनी पाय पुढे केले नाहीत. मी खाली बसले, त्यांचा एक पाय मांडीवर घेतला. पाऊल सुजलं होतं, अंगठा चपलेत जाईना. मी तो हळूहळू सरकवत राहिले.