भाभीची दहा नखं

नखं रंगवायला मी कुणाकडून शिकले नाही. एक ओढ मधून, दोन बाजूंनी, बस. कातडीपासून केसभर जागा सोडायची, पहिला हात पातळ द्यायचा, तो वाळल्यावरच दुसरा. फुंकर मारायची नाही, बुडबुडे येतात. बाहेर गेलेला रंग काडीला कापूस गुंडाळून रिमूव्हरने टिपायचा. गोंडपिपरीच्या आमच्या घरात माझ्याइतकी सफाई कुणाच्या हातात नव्हती आणि मला त्याचा भारी गर्व होता.

पण आमच्याकडे नेलपॉलिश रोज लावायची चीज नव्हती. रंगाखाली पाणी पोचत नाही, नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायचे ते वजू होत नाही, मग नमाज कशी होणार? म्हणून बायका महिन्याच्या त्या चार-सहा दिवसांतच नखं रंगवायच्या, जेव्हा नमाज माफ असते. लाल नखं दिसली की घरात काय ते कळायचं.

माझी भाभी कोरपन्याकडची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. अम्मी तोंडाने विचारायची नाही. भाभीने चहा पुढे केला की आधी तिची बोटं बघायची. मग भाभीने रंग लावणंच सोडलं. नमाज ती आपल्या खोलीत पढायची, त्यामुळे कुणाला पत्ता लागेना.

त्या महिन्यात तिला दहा दिवस वर गेले, तेव्हा तिनेच अम्मीला सांगितलं. अम्मी खुशीत होती, पण या खेपेला नाही तर मुलासाठी दुसरी बायको बघते, हेही तिने सुनावून ठेवलं होतं. अकराव्या दिवशी दुपारी सगळं वाहून गेलं. भाऊ कामासाठी नागपूरला गेला होता. भाभीने फक्त मला सांगितलं.

"ते नागपूरहून येतपर्यंत अम्मीले सांगू नको, बाई. मी त्यायले घेऊन डॉक्टरकडे जातो."

मी हो म्हटलं. पण आठच दिवसांपूर्वी माझ्या मोबाईलवर एका मुलाचे मेसेज येतात, हे तिनेच भावाला सांगितलं होतं. भावाने मोबाईल काढून घेतला होता आणि मी आतून जळत होते. शब्द दिला होता, तोंडाने काही बोलणार नव्हते.

पोटदुखीची गोळी घेऊन ती झोपली. मी तिची दहाही नखं रंगवली. गडद लाल, दोन हात, कोपरे भरून. तिला जागसुद्धा आली नाही. रिमूव्हरची बाटली मी तांदळाच्या डब्यात खुपसली.

उठल्यावर ती ब्लेडने खरवडत बसली. मधला रंग निघाला. कोपऱ्यातला निघेना, तिथे मी जरा जास्तच मन लावलं होतं. दोन बोटांतून रक्त आलं. तेवढ्यात अम्मीने चहासाठी हाक मारली. अम्मीने बोटं पाहिली आणि म्हणाली, "ट्रे ठेव तिथं." मग तिने कोरपन्याला फोन लावला.

भाऊ यायच्या आधीच भाभीचा बाप तिला न्यायला आला. बॅग भरता भरता ती मला म्हणाली, "तुले मोबाईलच पाहिजे होता ना? मी मागून दिला असता."

ती परत आली नाही. भावाने अम्मीचं ऐकलं. दुसऱ्या भाभीलाही अजून मूल नाही, आणि अम्मी आता तिची बोटं बघते.

मी चंद्रपुरात पार्लर चालवते. नवऱ्या मुली म्हणतात, ताई, तुमचा हात किती हलका, झोप येते. एखादीचे डोळे मिटायला लागले की मी तिला हलवून जागी करते.