पाळकसाहेबांची जागा

आमच्या चर्चचे पाळकसाहेब गेले तेव्हा आम्हाला रडायलासुद्धा सवड मिळाली नाही. सकाळी सकाळी त्यांचा श्वास थांबला आणि दुसऱ्या चहाच्या वेळेपर्यंत कळून चुकलं, की अख्ख्या कोल्हापुरात त्यांना माती द्यायला जागा नाही. नळाला पाणी नाही, दुकानात साखर नाही, हे मी जन्मभर ऐकत आले. मेलेल्या माणसाला माती नाही, हे पहिल्यांदा ऐकलं. आणि तेही कुणाला, तर ज्यांनी अर्धी हयात दुसऱ्यांच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून काढली त्यांना.

आषाढ चालू होता. तीन दिवस पाऊस हटला नव्हता आणि आमच्या उचगावातली वीज दहाच्या सुमारास गेली. थंड पेटी भाड्यानं आणली होती, ती बंद पडली. मग बर्फाच्या लाद्या आणून साहेबांच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि लाद्यांवर भुसा टाकला. पाळकीणबाई उशाशी बसून होत्या. वितळलेलं पाणी फरशीवरून वाहत त्यांच्या लुगड्यापर्यंत आलं, तरी त्या हलल्या नाहीत. मूलबाळ त्यांना झालं नाही. म्हणजे धावपळ करायची ती आम्ही मंडळीतल्याच, म्हणजे चर्चच्या लोकांनी.

आमच्या वाट्याची दफनभूमी एकच, जुनी. सगळ्या मंडळ्यांची मिळून एक कमिटी ती बघते. कमिटीचे सेक्रेटरी तसे भले गृहस्थ, छत्री धरून आमच्याबरोबर चिखलातून फिरले.

“बाई, नवा खड्डा मारायला जागाच न्हाय. कुठंबी पाय टाका, कुणाच्यातरी छातीवर पडतोय. घरातली जुनी कबर असंल, बारा वर्षं उलटली असतील, तर ती उघडून आत ठेवता येतंय. न्हायतर मिरजेला बघा.”

“पाळकांना एक जागा राखून ठेवल्याली असती की,” आमच्यातला एकजण म्हणाला.

सेक्रेटरींनी माझ्याकडं बघितलं, मग छत्रीच्या दांड्याकडं बघितलं.

“हुती की. ती त्यांनी कवाच दिली. बाईंच्या मालकांस्नी.”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण घ्यायचं म्हटलं तरी तिथं जागा कुठं होती.

माझे मालक त्या जागेत कसे गेले ते आधी सांगितलं पाहिजे. माझं सासर कागलच्या पलीकडचं, लिंगायत घर. सासूबाई निम्मं कानडीत बोलायच्या, निम्मं मराठीत, आणि रागावल्या की दोन्हीत. आम्ही दोघं उचगावला आलो. मालकांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं आणि मी शाळेत शिकवायची. मी या मंडळीत कशी गेले ही वेगळीच कहाणी आहे. थोडक्यात सांगायचं तर आमचं एकुलतं एक पोरगं तापानं गेलं, आणि त्यानंतर आमच्या घरात न बोलता येऊन बसणारा माणूस एकच होता, ते म्हणजे पाळकसाहेब. येऊन बसायचे, भाकरी वाढली की खायचे, आणि जायचे. उपदेश म्हणून एक शब्द काढला नाही. तेव्हा मीच एक दिवस त्यांना विचारलं, की मला पाण्यात कधी उतरवणार.

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला, की त्याला अख्खा पाण्यात बुडवायचा आणि वर काढायचा. त्याला आम्ही बाप्तिस्मा म्हणतो. उपासनेचा हॉल भाड्याचा, तिथं कसला आलाय हौद. म्हणून मंडळीतल्या एकाच्या उसाच्या रानात, पंपाच्या हौदात बाप्तिस्मे व्हायचे. साहेब पांढरा सदरा घालून कंबरभर पाण्यात उभे राहायचे, माणसाच्या नाकावर रुमाल धरायचे, पाठीखाली हात घालून त्याला मागं झोपवायचे. दिवस बहुतेक थंडीचे. पाचसहा जणांना बुडवून साहेब बाहेर आले की दात वाजत असायचे आणि पुढचा आठवडा शिंका चालायच्या. आवाज मात्र असा, की प्रार्थना शेजारच्या गुऱ्हाळात ऐकू जायची. कुणी म्हणालं, साहेब, जरा हळू, तर म्हणायचे, “देव कोल्हापुरात हाय बाबा, हळू बोललेलं त्याला चालत न्हाय.”

त्या हौदाची मोटार माझे मालक चालू करायचे. आदल्या दिवशी जाऊन हौद घासायचे, शेवाळ काढायचे, पाणी भरायचे. सगळ्या मंडळीच्या बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनी भरलं, आणि स्वतः कधी उतरले नाहीत. दर रविवारी उपासनेला यायचे आणि जिन्याच्या पायरीवर बसायचे, चपलांच्या शेजारी. बाप्तिस्मे आटोपले की हौदातून साहेब त्यांना हाक द्यायचे, “काय गड्या, आज उतरतोस का?”

“फुडच्या खेपेला, साहेब.”

“पाणी गार हाय म्हणून भितोस व्हय?”

“आई जिती हाय तवर न्हाय, साहेब. तिला सोसायचं न्हाय.”

“मग आईला शंभर वर्षं आयुष्य दे म्हणून मागतो. बस वाट बघत.”

अशी कितीतरी वर्षं गेली. हसण्यावारी चाललेलं होतं, पण साहेब खरोखरच वाट बघत होते, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना खरंच आयुष्य लाभलं. मालकांना नाही लाभलं. दुकानात मोटारीवर वाकलेले असतानाच छातीत कळ आली आणि तिथंच संपलं.

मालकांचे दोघे भाऊ गाडीनं आले, दारातच उभे राहिले. आमच्या सासरी माणसाला जाळत नाहीत, पुरतात. मला वाटलं, निदान घराण्याच्या जागेत तरी नेतील. थोरला म्हणाला, “बायको बाटली, तवाच त्यो आमचा सुटला. आता तुमच्यातच न्या.” इकडं त्या वेळची कमिटी म्हणाली, यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता, हे आमच्यातले नव्हेत. म्हणजे पायरीवर बसणारा माणूस मेल्यावरही पायरीवरच. मी अंगणात डोकं धरून बसले होते. तेवढ्यात साहेब लुनावरून आले, ओलेचिंब, आणि कमिटीच्या माणसांसमोर उभे राहून म्हणाले, “एक जागा माझी म्हणून ठेवलीय न्हवं? मग त्यात कुणाला निजवायचं ते मी ठरवणार.”

“आणि तुम्ही, साहेब?”

“माझं मी बघून घेतो.”

असं म्हणाले आणि बघून काही घेतलं नाही. त्या माणसानं जन्मात स्वतःचं काही बघितलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आता त्या दिवसाकडं येते. मिरजेला फोन झाले, इचलकरंजीला झाले. कुणी म्हणालं बाहेरच्यांना देत नाही, कुणी म्हणालं सोमवारी मीटिंग आहे. बर्फाला सोमवारपर्यंत थांबा म्हणून कोण सांगणार. मंडळीतला एकजण शाहूवाडीकडचा, त्यानं आपल्या भाताच्या खाचराची कड देऊ केली. तासाभरानं त्याचाच फोन आला, रडत होता. चुलत्यांनी कुऱ्हाड घेऊन बांधावर ठाण मांडलं होतं.

मी पाळकीणबाईंच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. म्हटलं, “माझ्या मालकांची कबर उघडूया. बारा वर्षं होऊन गेलीत. संमती मी द्यायची, आणि मी देते.”

जुनी कबर उघडायची रीत आमच्यात आहे. आतलं जे उरलं असेल ते पांढऱ्या कपड्यात बांधून पायथ्याशी ठेवायचं आणि वर नवी पेटी सोडायची. घरातल्या घरात करतात, नवऱ्यावर बायको, बापावर लेक. ती कबर मी माझ्यासाठी धरून ठेवली होती. खोटं कशाला बोलू, मला मरणाची भीती वाटत नव्हती ती त्या जागेमुळंच. पोरगं गेलं, मालक गेले, भावकी सुटली. निदान शेवटी जायचं कुठं हे ठरलेलं होतं.

पाळकीणबाई म्हणाल्या, “न्हाय.”

“न्हाय म्हणजे?”

“ती तुझी जागा आहे. हे मला सांगून गेलेत. म्हणाले, काही झालं तरी तिच्याकडं मागायचं न्हाय. दिलेलं परत घेऊन त्यांना झोप लागेल का?”

माझा तोल गेला. मयताच्या घरात मी ओरडले. “झोप लागायला आधी मातीत जावं लागतंय, पाळकीणबाई. तुम्ही मागत न्हाय, मी देतीय. बर्फ बघा, निम्मा झालाय. उद्या त्यांच्या अंगाला वास सुटला म्हणजे तुमचं समाधान होणार हाय का?”

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. पाळकीणबाईंनी साहेबांच्या कपाळावरचं पाणी पदरानं टिपलं. पुसून झालं तरी टिपत राहिल्या.

“आणि तू कुठं जाशील?” त्यांनी विचारलं.

“माझं मी बघून घेते.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की तेच उत्तर त्यांनी आधीही ऐकलेलं आहे हे मला कळलं. मग पदर खोचून उठल्या. “चला,” म्हणाल्या.

खड्डा खणणारे दोघे होते. त्यातला म्हातारा मला म्हणाला, “मावशी, तुमी तिकडं तोंड करा.” मी केलं नाही. आतल्या माणसाला मी जेवायला वाढलं होतं, दुखण्यात पाय चेपले होते, मग आता काय तोंड फिरवायचं. चिखल बाहेर पडत होता, काळा, जड. पेटीच्या फळ्या विरून गेल्या होत्या. माणूसही मातीनं खाल्ला होता. पण टेरिकॉटची पँट तशीच होती. राखाडी. मी स्वतः इस्त्री करून घातलेली. कमरेला पट्ट्याचं पितळी बक्कलसुद्धा होतं. इतकी वर्षं मी धीराची म्हणून मिरवले, शाळेत, मंडळीत, सगळीकडं. त्या पँटीपुढं काही चाललं नाही. चिखलात बसले आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडले. पाळकीणबाईंनी मला उठवलं नाही, शेजारी बसल्या फक्त. म्हाताऱ्यानं पँटीसकट सगळं पांढऱ्या कपड्यात घेतलं, गाठ मारली आणि पायथ्याशी ठेवलं.

तोवर खड्ड्यात पाणी भरलं. बादलीनं उपसलं तर पुन्हा भरलं. खालूनच झरत होतं, वरून पाऊस होताच. दोनतीन वेळा उपसून म्हातारा थकला. अंधारायला लागलं होतं आणि पेटी बाहेर पावसात भिजत होती. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, आता असंच ठेवावं लागेल. दोरावरून पेटी खाली सोडली. गुडघाभर पाण्यात ती बसली आणि पायथ्याचं पांढरं गाठोडं पाण्याखाली गेलं.

पाळकीणबाई वाकून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “उतरले बघ तुझे मालक. यांनी शेवटी उतरवलं त्यांना.”

मला इतकंच दिसत होतं, की पाणी घाण आहे, गार आहे, आणि माझी दोन माणसं त्यात आहेत. आम्ही मूठमूठ चिखल टाकला. दुसऱ्या मंडळीचे पाळक आले होते, त्यांनी प्रार्थना केली. आवाज बारीक होता, पावसात काही ऐकूच आलं नाही. साहेबांनी असली प्रार्थना कधी केली नाही. कुणाचीही माती झाली की ते शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत थांबायचे आणि मग घरच्यांना दरडावायचे, “जावा आता, घरी जाऊन जेवा.” त्या दिवशी तसं म्हणायला कुणी नव्हतं. लोक ताटकळत उभे राहिले. मग मीच म्हटलं, “जावा आता. घरी जाऊन जेवा.” तेव्हा लोक हलले.

निघताना म्हातारा फावडं धूत माझ्याजवळ आला. “मावशी, एक सांगतो, राग मानू नका. ही आता बारा वर्षं उघडता यायची न्हाय.”

“ठाऊक हाय मला.”

रिक्षात आम्ही दोघीच होतो. पाळकीणबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, साखर कधी कुणाच्या आटोक्यात आली नाही. मी सत्तरीला टेकलेय, हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या आहेत. दोघींच्याही अंगाला त्या खड्ड्याची माती होती. उचगावचा पूल आला, गेला. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

“जागा आता आपल्या दोघींत एकच,” त्या म्हणाल्या. “तीपण बारा वर्षांनी. तेवढी वर्षं निघतील का गं?”

मी रडून रडून रिकामी झाले होते, तरी पुन्हा भरून आलं.

“काढायचीच, पाळकीणबाई,” मी म्हटलं. “आता मरून जायचं कुठं?”